धूर बंद करून गाव फिरवा

वारेसाहेबांच्या घरात खिडकी उघडायची झाली तरी परवानगी लागे. कुठली खिडकी, किती उघडायची, आणि तिच्या समोरचं दार सताड ठेवायचं की लोटून घ्यायचं, हे ते स्वतः ठरवत. उकाड्याने जीव नकोसा होऊन बायकोने आपल्या मनाने एखादी खिडकी उघडलीच, तर ते पेपर बाजूला ठेवून हवा आत कशी येते, कुठे अडते आणि का अडते यावर बोलू लागत. बायको तोवर घामाने निथळत उभी. "अहो, तुम्ही बोलायचं थांबलात तर निदान खोलीतला गरम वारा तरी कमी होईल," असं ती एकदा म्हणाली. माणसाच्या श्वासाने खोली कितपत तापते, हे साहेबांनी तिला लगेच समजावून सांगितलं.

वारेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. संशोधन संस्थेतला वाऱ्याचा बोगदा त्यांच्या ताब्यात होता, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना तसं म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. पाठीमागे मात्र त्यांना वातकुक्कुट म्हणत. छपरावर बसवलेला तो पत्र्याचा कोंबडा, वारा येईल तिकडे तोंड करणारा. हे नाव त्यांच्या कानावर गेलं नव्हतं असं नाही. पण त्यात वाऱ्याचा संबंध आहे एवढंच पाहून त्यांनी ते कौतुक समजून ठेवून घेतलं होतं.

बोगदा म्हणजे एका लांबलचक शेडमध्ये बांधलेली, शेडहून थोडीशीच आखूड अशी लाकडी खोली. एका तोंडाने हवा आत येई आणि दुसऱ्या टोकाचा माणसाहून उंच पंखा ती ओढून घेई. हवेच्या वाटेवर जमिनीला लाकडी ठोकळे ठोकलेले. खरा वारा झाडंझुडपं आणि घरांना अडखळत येतो, खाली रेंगाळतो आणि वर सुसाटतो. तसाच तो बोगद्यातही अडखळावा, म्हणून हे ठोकळे. त्यांच्या पुढे जमिनीत बसवलेली मोठी गोल तबकडी, आणि त्या तबकडीवर जे कुठलं गाव तपासायचं असेल ते गाव. घरं फोमची, झाडं भांडी घासायच्या तारेच्या काथ्याची, कारखाने प्लायवूडचे. संस्थेच्या सुताराने ते इतक्या हौसेने केलेलं असे की पाहुण्यांना वाऱ्यापेक्षा घरंच जास्त आवडत.

बोगद्यातला वारा एकाच बाजूने येतो. त्याला दिशा बदलायला सांगता येत नाही, म्हणून गाव फिरवावं लागतं. नैर्ऋत्येचा वारा हवा असेल तर तबकडी फिरवून गावाची नैर्ऋत्य बाजू हवेच्या तोंडासमोर आणायची, मग चिमणीतून धूर सोडायचा आणि काचेतून बघायचं. वारेसाहेबांना सबंध नोकरीत हीच गोष्ट सर्वांत जास्त सुखावत आली होती. वारा आपल्या जागी ठाम, आणि त्याच्यासाठी अख्खं गाव उठून इकडचं तिकडे. संस्थेत साहेबांचंही असंच असायला हवं होतं. प्रत्यक्षात संचालक ठाम असत आणि साहेब फिरत.

बोगद्याचा एक नियम होता आणि तो साहेबांनीच घालून दिला होता. धूर बंद करून गाव फिरवा. एका दिशेचं काम झालं की धूर थांबवायचा, तबकडी पुढच्या दिशेला नेऊन अडकवायची, आणि मगच पुन्हा धूर सोडायचा. धूर करायला लागणारं तेल वाया जाऊ नये म्हणून, असं ते सांगत. सांगायला ते बरं होतं. खरी गोष्ट अशी की ठरवून दिलेल्या दोन दिशांच्या मध्ये धूर कसा वागतो हे दिसलं, तर ते लिहावं लागतं, आणि लिहिलं की ज्याने काम दिलं त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. जे दिसलंच नाही ते लिहायचा प्रश्न येत नाही. या एका नियमावर साहेबांनी पुष्कळ पाहुण्यांना समाधानाने घरी पाठवलं होतं.

आता ताईबद्दल सांगायला हवं. साहेबांना एकच मोठी बहीण. आई लवकर गेल्यामुळे त्यांना तिनेच वाढवलं, आणि धपाटे घालण्याचा आईचा हक्कही तिच्याकडेच आला. ती शहराबाहेर वीजकेंद्राच्या कुंपणाला लागून असलेल्या गल्लीत राहायची. वीजकेंद्राचे दोन कूलिंग टॉवर, ते कमरेत बारीक झालेले मोठाले मनोरे, तिच्या गच्चीवरून हात लावावा इतक्या जवळ दिसत. त्यांतून पांढरी वाफ निघायची. वारा सरळ असला की ती डोक्यावरून निघून जायची, आणि वाकडा असला की गल्लीत उतरायची. मग दोरीवरचे कपडे पुन्हा ओले, भिंतींना ओल आणि सायकलींना गंज.

म्हणून ताई रोज सकाळी भावाला फोन करायची.

"बाळ्या, आज कपडे बाहेर घालू की आत?"

वारेसाहेबांचा दिवस या प्रश्नाने सुरू होई. ते चहा बाजूला ठेवत, वाऱ्याच्या वेगापासून सुरुवात करत, हवेतल्या दमटपणाला वळसा घालत आणि अखेर हुकूम देत, "बाहेर घाल." ताई बाहेर घालायची. कधी कधी कपडे ओले व्हायचे. तेव्हा ती म्हणायची, कापडच ओल धरणारं आहे, पुढच्या वेळी दुसरं घेईन. भावाचं चुकलं असेल हे तिच्या मनातही येत नसे. जगात साहेबांवर असा विश्वास टाकणारं दुसरं कोणी नव्हतं, बायको तर मुळीच नाही, आणि हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

पण तीच ताई त्यांना आरपार ओळखतही होती. लहानपणी शेजाऱ्यांची काच फुटली तेव्हा तिने विचारलं होतं, "तू फोडलीस?" बाळ्याने काच कशी तयार करतात इथपासून सांगायला घेतलं होतं. "खरं असलं की हा एका शब्दात बोलतो," ताई सगळ्यांना सांगायची, "आणि खोटं असलं की मुळापासून सुरू करतो." आता साहेब सगळंच मुळापासून सांगत. पण ते मोठे शास्त्रज्ञ झाले म्हणून असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

वीजकेंद्राने तिसरा टॉवर बांधायचं ठरवलं तेव्हा गल्ली पेटून उठली. सगळ्यांत पुढे ताईच्या समोर राहणारा शिंपी. दमट हवेने त्याच्या सुया गंजत होत्या आणि त्याच्या जिभेला धार चढत होती. हरकत घ्यायची, सगळ्यांनी मिळून घ्यायची, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात ताईने भावाला विचारलं, "बाळ्या, तिसऱ्याची वाफ आमच्यावर येईल का रे?"

टॉवरच्या तपासणीचं काम नुकतंच संस्थेकडे आलं होतं. तबकडीवर अजून एक घरही बसलेलं नव्हतं. पण काम साहेबांच्या बोगद्यात होणार होतं, साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि हे काम नीट पार पडलं तर मुदतवाढीचं बघू, असं संचालक म्हणाले होते. नीट म्हणजे काय हे विचारायचं नसतं. शिवाय मुदतवाढीसाठी साहेबांहून त्यांची बायको जास्त आतुर होती, कारण हा माणूस दिवसभर घरी बसून खिडक्या सांभाळणार या कल्पनेनेच तिला धडकी भरत असे.

"नाही येणार," साहेब म्हणाले. आणि कसं नाही येणार, ते मुळापासून सांगितलं.

ताईने ते गल्लीत जाऊन सांगितलं. "माझा भाऊ सांगतोय. तो वारा बनवतो." शिंप्याने कुरकूर केली, पण ताई गल्लीतली सगळ्यांत जुनी, कोणाच्या आजारपणात धावून गेलेली, कोणाच्या भांडणात मध्ये पडलेली. तिच्या शब्दाखातर गल्ली गप्प बसली.

मग गाव तयार झालं. साहेबांनी कौतुकाने सुताराला सांगून ताईच्या घराचं छप्पर लाल रंगवून घेतलं. कामाच्या करारात तपासायला वाऱ्याच्या आठच दिशा होत्या. वाऱ्याने करार वाचलेला नसतो, पण संस्थेने वाचला होता. आठही दिशांना धूर टॉवरमधून निघून, जरा वाकून, लाल छपरावरून शहाण्यासारखा निघून गेला. खऱ्या वाफेसारखा तो वर उठावा म्हणून त्यात हलका वायू मिसळला होता, आणि साहेबांना वाटलं, आपणही आज तसेच हलके झालो आहोत.

मध्ये एकदा मात्र, सातव्या दिशेहून आठवीकडे गाव नेताना, सुतार धूर बंद करायला विसरला.

तबकडी कुरकुरत फिरली. मध्येच कुठेतरी वीजकेंद्राच्या बॉयलरची उंच, चौकोनी इमारत वाऱ्यासमोर तिरपी आली आणि नवा टॉवर नेमका तिच्या आडोशाला गेला. इमारतीच्या कोपऱ्यावरून वळून वारा तिच्या पाठीमागे खाली कोसळतो. टॉवरमधून निघालेला धूर त्याने वाटेतच पकडला, खाली दाबला आणि गल्लीवर नेऊन आपटला.

"साहेब," सुतार म्हणाला, "लाल छप्पर दिसेनासं झालं."

"धूर बंद करायचा असतो, माहीत नाही?"

"विसरलो."

"मग आता दिसलं तेही विसरा."

सुताराने धूर बंद केला. त्या तिरप्या दिशेचा वारा थंडीत बरेच दिवस वाहतो, हे साहेबांना कोणी सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी त्याच्यावरच तर ते ताईला व्याख्यान देत होते. त्या दिवशी त्यांनी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. करारात ती दिशा नाही. फोमचं गाव हा नमुना, आणि नमुना तो नमुनाच. ताईचं वय झालं आहे, तशीही ती किती दिवस गच्चीवर चढणार. हा शेवटचा विचार त्यांचा त्यांनाच लागला आणि त्यांनी तो पटकन बाजूला सारला. अहवालात आठ दिशा लिहिल्या आणि सही केली.

खरं तर गोष्ट इथेच मिटली असती. पण संचालकांना कल्पना सुचली. गल्लीतल्या लोकांनाच बोलवा, त्यांच्या डोळ्यांदेखत धूर त्यांच्या घरांवरून जाऊ द्या, वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलवा. वीजकेंद्राचे अधिकारी खूश झाले. वारेसाहेबांनीही मान डोलावली, कारण संचालकांची मान हलत होती.

गल्ली आली. शिंपी सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून. ताई ठेवणीतली साडी नेसून आली होती. भावाची कचेरी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. पंखा पाहून तिने तोंडाला पदर लावला, तबकडी पाहून म्हणाली, "अगं बाई, आमची गल्ली!" आणि आजूबाजूच्या बायकांना घरं दाखवू लागली. हे सगळं माझ्या भावाचं, असं ती शब्दांत म्हणत नव्हती, पण तिच्या उभं राहण्यातच ते दिसत होतं. वारेसाहेबांनाही आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी गाव सगळ्यांत देखण्या दिशेला लावून ठेवलं होतं. पंखा सुरू झाला, धूर सुटला आणि गल्लीवरून अगदी तोलून मापून निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंप्यानेही घडी सोडून एक टाळी वाजवली.

"बाळ्या," ताई काचेला नाक लावून म्हणाली, "माझं घर पाठमोरं आहे रे."

संचालकांनी 'बाळ्या' कोण म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"छप्पर तेवढं दिसतंय लाल. माझं दार नाही दिसत. थोडं फिरव ना गाव. मला माझं दार बघायचंय."

पाठमोरं घर समोर आणायचं तर तबकडी नेमकी त्या तिरप्या दिशेवरून न्यावी लागणार होती. "नंतर दाखवतो ताई," ते म्हणाले. "आत्ता चाचणी चालू आहे."

"फिरवा हो, आजी म्हणताहेत तर!" संचालक छायाचित्रकाराकडे बघत म्हणाले. "केवढी गोड कल्पना आहे. घ्या फोटो."

"बरं. धूर बंद करा," साहेबांनी सुताराला ओरडून सांगितलं. "धूर बंद करून गाव फिरवा!"

"राहू द्या की धूर," संचालक म्हणाले. "धुरानेच तर फोटोला शोभा आहे."

सुताराने साहेबांकडे पाहिलं, मग संचालकांकडे पाहिलं. संस्थेत कोणाचं ऐकायचं हे तो साहेबांकडूनच शिकला होता. त्याने कळ दाबली आणि तबकडी कुरकुरत फिरू लागली.

ताईचं दार हळूहळू समोर आलं. सुताराने ते हिरवं रंगवलं होतं आणि बाजूला कपड्यांची दोरीसुद्धा लावली होती, शिवणाच्या दोऱ्याची. "अगं, दोरीही आहे!" असं ताई म्हणाली, आणि त्याच क्षणी धूर खाली कोसळला. आधी दोरी गेली, मग दार, मग छप्पर. काचेपलीकडे लाल रंगाचा ठिपकाही उरला नाही. सबंध गल्ली पांढरी झाली.

मग शिंपी म्हणाला, "साहेब, हे काय?"

वारेसाहेबांनी घसा खाकरला. "याचं असं आहे," ते म्हणाले, "की हवा म्हणजे मुळात एक प्रवाही पदार्थ. आता कुठलाही प्रवाही पदार्थ घेतला, तर त्याचे जे मूलभूत नियम..."

"बाळ्या," ताई म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मुळापासून नको."

तिने ते हळूच म्हटलं होतं. बाकीच्यांना वाटलं, म्हातारीला शास्त्र नको, थोडक्यात हवं. साहेबांना मात्र पाठीत धपाटा बसल्यासारखं झालं.

"येतो," ते म्हणाले. "या दिशेला धूर खाली येतो."

मग एकच गलका झाला. शिंप्याच्या आवाजाला तर शेड पुरेना. अधिकारी हा नुसता नमुना आहे, नमुना, असं म्हणत राहिले. त्या गोंधळात ताई भावाजवळ आली. तिला फार काही विचारायचं नव्हतं.

"तुला आधीच माहीत होतं?"

"म्हणजे ताई, माहीत असणं याचेही मुळात दोन प्रकार..."

ताईने पिशवी खांद्याला लावली आणि ती बाहेर गेली. शेडच्या दाराशी ती गल्लीतल्या बायकांना काहीतरी सांगत हात जोडत होती. ती आपल्या वतीने माफी मागते आहे, हे साहेबांना लांबूनही दिसलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यापुढे साहेबांचं वाटोळं झालं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी कचेरीत नोकरी केलेली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा फोटो आला. शास्त्रज्ञाने लोकांसमोर स्वतः गाव फिरवून सत्य दाखवलं, असं त्याखाली छापलं होतं. संचालकांनी ते वाचलं आणि वारा ओळखला. संस्था पहिल्यापासून पारदर्शकतेच्या बाजूची आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्या दिशा पुन्हा तपासल्या, टॉवर बॉयलरच्या इमारतीच्या आडोशातून हलवून पलीकडच्या मोकळ्या जागेत न्यायचं ठरलं. साहेबांचा शाल देऊन सत्कार झाला. सचोटी या विषयावर ते सत्काराला उत्तर देताना बराच वेळ बोलले, अर्थात मुळापासून. मुदतवाढही मिळाली. बोगद्याच्या दारावर आता पाटी आहे: गाव फिरवताना धूर चालू ठेवावा. ती पाटी साहेबांनीच लावून घेतली, आणि पाहुणे आले की ते तिच्याशेजारी उभे राहतात.

फक्त सकाळचा फोन बंद झाला.

पहिले काही दिवस साहेबांनी फोन बिघडला असेल म्हणून तपासला. मग ताई रागावली आहे, येईल ताळ्यावर, म्हणून वाट पाहिली. पण ती रागावलीही नव्हती. भेटली की पूर्वीसारखीच विचारपूस करायची, जेवून जा म्हणायची, बायकोच्या गुडघ्याची चौकशी करायची. वाऱ्याचं मात्र काही विचारायची नाही. साहेब चहा घेऊन फोनपाशी बसत आणि चहा निवून जाई. बायकोने एकदा आपणहून खिडकी उघडली, दोनदा उघडली, ते काही बोलले नाहीत. तेव्हा तीही घाबरली.

"अहो, तुम्हीच करा ना फोन," ती म्हणाली. "आणि एवढंच सांगा. एका शब्दात."

साहेबांनी त्या दिवशी खरोखर अभ्यास केला. गच्चीवर जाऊन वारा पाहिला, हवा पाहिली, वीजकेंद्राकडचं आभाळ दुर्बिणीतून पाहिलं. सगळं सरळ होतं. खात्री झाली तेव्हा खाली येऊन त्यांनी नंबर फिरवला.

"ताई, आज कपडे बाहेर घाल."



"घातले रे," ती म्हणाली. "वाळले, आणि घड्याही झाल्या."